मेंढपाळ बोलतो तेव्हा
शोकात्मिकेच्या परिभाषेला प्रस्तावना

सोफोक्लीसच्या ‘राजा ईडिपस’ या नाटकात शेवटाकडे एक म्हातारा मेंढपाळ येतो. तो आपण होऊन आलेला नाही, त्याला आणवलेलं आहे. समोर थीब्ज नगरीचा राजा ईडिपस आणि शेजारी कॉरिंथहून आलेला दुसरा म्हातारा. हा कॉरिंथकर मोठ्या उमाळ्याने जुनी ओळख काढतो. किथायरॉनच्या डोंगरावर आपण तीन वर्षं शेजारी शेजारी कळप चारले, वसंत लागल्यापासून स्वाती उगवेपर्यंत सहा-सहा महिने. तेव्हा तू मला एक तान्हं मूल दिलं होतंस, आठवतं ना? मेंढपाळाला सगळं आठवतं, म्हणूनच तो खेकसतो, त्याला गप्प बसायला सांगतो. राजा त्याचे हात पाठीमागे पिरगाळायला लावतो. मग एका ओळीत प्रश्न, एका ओळीत उत्तर असं सुरू होतं. पुढे तर एकाच ओळीचे दोन तुकडे पडतात, अर्धा राजाचा, अर्धा मेंढपाळाचा. मूल कुणी दिलं? राणीने. कशासाठी? मारून टाकायला. मग ते या परक्याच्या हाती का दिलंस? मेंढपाळाच्या उत्तराचा अर्थ इतकाच, की मला त्याची दया आली.

एका वर्षी वर्गात आम्ही हा प्रवेश मोठ्याने वाचत होतो. मेंढपाळाच्या ओळी वाचणारी मुलगी या जागी थांबली. पुस्तकावरून मान वर करून म्हणाली, “सर, याला दया आली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं.” वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही. त्या मुलीने तोवर अ‍ॅरिस्टॉटलचं एक पानही वाचलेलं नव्हतं. पण चांगल्या हेतूने केलेली गोष्ट उलटून सर्वनाशाकडे जाते, आणि ती पाहताना करुणा नि भीती एकाच वेळी मनात दाटतात, हे तिला दिसलं होतं. ती त्या जागी पोचली होती. त्या जागेचं नाव तेवढं तिला ठाऊक नव्हतं.

पुढच्या पानांतली परिभाषा अशा वाचकासाठी आहे. नाटकाच्या परिभाषेशी आपल्याकडे बहुतेकांची पहिली भेट होते ती परीक्षेच्या वाटेवर. हामार्टिया म्हणजे काय, कॅथार्सिस म्हणजे काय, व्याख्या लिहा, उदाहरण द्या. मुलं बिचारी व्याख्या घोकतात आणि नाटक व्याख्येखालच्या उदाहरणापुरतं उरतं. मला हा क्रम मनापासून खटकतो. अ‍ॅरिस्टॉटलने हे शब्द जुळवले ते नाटकं पाहून आणि वाचून झाल्यावर. ‘राजा ईडिपस’ इ.स.पू. ४२९ च्या सुमारास अथेन्समध्ये झालं असं मानतात. अ‍ॅरिस्टॉटलचा जन्मच इ.स.पू. ३८४ चा. त्याचं ‘काव्यशास्त्र’ त्या प्रयोगानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी आलं. सोफोक्लीसपुढे लिहिताना यातलं कोणतंही शास्त्र नव्हतं.

अगदी पहिल्याच शब्दापाशी थोडं थांबायला हवं. ग्रीक ‘ट्रॅगोडिया’साठी मराठीत दोन शब्द चालतात, शोकांतिका आणि शोकात्मिका. वर्तमानपत्रांनी पहिला इतका वापरला आहे की रस्त्यावरच्या अपघातापासून निवडणुकीतल्या पराभवापर्यंत सगळ्याच शोकांतिका झाल्या आहेत. मी दुसरा शब्द वापरतो आणि तुम्हीही वापरावा असं मला वाटतं. शोकांतिका म्हटलं की सगळा भार शेवटावर पडतो, आणि ग्रीक नाटकांना तो पेलत नाही. एस्किलसची ‘ओरेस्टिया’ ही नाट्यत्रयी खुनांवरून खुनांवर जाते, पण संपते समेटात. सोफोक्लीसच्याच ‘फिलॉक्टेटिस’मध्ये शेवटी नायकाचं भलं होतं. तरी ही ‘ट्रॅगोडिया’च आहेत, कारण त्यांच्या गाभ्यात शोक आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र चक्रावून टाकतो. त्याची फोड ‘बोकड’ आणि ‘गाणं’ अशी होते. बोकड बक्षीस म्हणून मिळायचा की बळी जायचा, यावर अजून एकमत नाही.

रंगभूमीचे शब्द त्या मानाने सोपे आहेत, कारण ते जागांचे आणि वस्तूंचे आहेत. अक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर डायोनायससचं नाट्यगृह होतं. उतारावर लोक बसत ती बघण्याची जागा म्हणजे ‘थिएट्रॉन’. खाली कोरस नाचे-गाई ती मोकळी जागा ‘ऑर्केस्ट्रा’; आज आपण वादकांच्या ताफ्याला म्हणतो तो शब्द मुळात नाचाच्या जागेचा आहे. तिच्यामागे ‘स्केने’, म्हणजे तंबू किंवा खोपटं. नट आत जाऊन मुखवटे बदलत आणि बाहेरच्या बाजूने तोच राजवाडा होई. वसंतातल्या डायोनायससच्या उत्सवात तीन नाटककार स्पर्धेला उतरत, प्रत्येकाच्या तीन शोकात्मिका आणि वर एक थट्टामस्करीचं सॅटर नाटक. प्राचीन टिपणांत अशी नोंद आहे, की ज्या वर्षी ‘राजा ईडिपस’ झालं त्या वर्षी पहिलं बक्षीस फिलोक्लीस नावाच्या दुसऱ्याच नाटककाराला मिळालं. सोफोक्लीसने सव्वाशेच्या आसपास नाटकं लिहिली, आपल्यापर्यंत पूर्ण पोचली ती सात. फिलोक्लीसचं एकही पूर्ण पोचलं नाही.

नाटकाच्या भागांची नावंही अशीच जागेवरून आणि हालचालीवरून पडली आहेत. कोरस यायच्या आधीचा भाग प्रोलोगॉस, कोरस गात आत येतो ते पॅरोडॉस, मग संवादाचे भाग आणि त्यांच्यामध्ये कोरसची उभ्याने गायची गीतं म्हणजे स्टासिमॉन, आणि शेवटी एक्सोडॉस. ही नावं पाठ करू नका. नाटक एकदा वाचताना समासात पेन्सिलीने लिहीत गेलात की कायमची लक्षात राहतील. कोरसबद्दल एक सावधगिरी मात्र सांगतो. आपल्याकडच्या वाचकाला कोरस म्हटलं की सूत्रधार आठवतो. सूत्रधार नाटकाच्या उंबरठ्यावर उभा असतो, नाटक दाखवणारा असतो. ‘राजा ईडिपस’मधला कोरस म्हणजे थीब्जमधले वृद्ध नागरिक आहेत. गावात साथ आली आहे, त्यांच्या घरांतली माणसं मरताहेत. ते राजावर माया करतात, घाबरतात, चुकतात, देवांवरचा त्यांचा विश्वासही डळमळतो. त्यांना शेवट माहीत नाही.

आता एक शब्द जरा जवळून पाहू: ‘ट्रिटॅगोनिस्ट’, तिसरा नट. अ‍ॅरिस्टॉटल सांगतो की रंगभूमीवर तिसरा नट आणला सोफोक्लीसने. कोरस सोडला तर बोलणाऱ्या साऱ्या भूमिका तीन पुरुष मुखवटे बदलून करत. परीक्षेत हा एका गुणाचा प्रश्न आहे. आता तो शब्द हातात धरून मेंढपाळाच्या प्रवेशाकडे या. कॉरिंथकराची बातमी ऐकायला ईडिपस बाहेर आल्यापासून दोघेही रंगमंचावरच आहेत. तिसरी आहे राणी योकास्टा. कॉरिंथकराच्या बोलण्यातून तिला ईडिपसच्या आधी सगळं उमगतं, आणखी विचारू नकोस असं ती त्याला परोपरीने विनवते आणि आत निघून जाते. मध्ये एक छोटं कोरसगीत, आणि मग मेंढपाळ येतो. दोन नट आधीच अडकलेले आहेत. म्हणजे मेंढपाळाचं काम करायला उरतो तो, जो आत्तापर्यंत योकास्टा होता. मारायला मूल देणारी आई आणि ते मूल हातात घेऊन त्याला जगवणारा नोकर, दोघांच्या मुखवट्यांमागे एकच माणूस आणि एकच आवाज. राणीने मूल दिलं, हे तो आवाज सांगतो तेव्हा अथेन्सच्या प्रेक्षकांतल्या तीक्ष्ण कानांना काय ऐकू आलं असेल! सोफोक्लीसने ही वाटणी मुद्दाम केली की अडचणीतून ती आपोआप झाली, हे कुणी सिद्ध करू शकणार नाही. पण ‘तिसरा नट’ ही संज्ञा ठाऊक नसती तर हा प्रश्नच आपल्या मनात आला नसता.

अ‍ॅरिस्टॉटलच्या शब्दांत मला सर्वांत जिवंत वाटतात ते दोन, पेरिपेटिया आणि अ‍ॅनाग्नोरिसिस. पहिल्याला मराठीत विपर्यय म्हणता येईल. करायला गेले एक आणि झाले भलतेच, हे आपण रोज म्हणतो, पण पेरिपेटिया त्याहून कडक आहे. इथे ज्या कृतीने भलं व्हायचं तीच कृती घात करते. अ‍ॅरिस्टॉटलने उदाहरण दिलं आहे ते याच नाटकातलं. कॉरिंथकर येतो तो आनंदाची बातमी घेऊन. पोलिबस राजा म्हातारपणाने वारला, आता ईडिपस कॉरिंथचाही राजा. बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील, या देववाणीला भिऊन ईडिपस कॉरिंथ सोडून आलेला. बाप गेला, पण आई अजून आहे, हे भय त्याला उरतंच. ते काढून टाकण्यासाठी म्हातारा प्रेमाने सांगतो की पोलिबस तुझा बाप नव्हता, मेरोपी तुझी आई नव्हती. भीती घालवायला उच्चारलेल्या वाक्यातूनच खरी भीती दारात येते.

अ‍ॅनाग्नोरिसिससाठी आपल्याकडे अभिज्ञान हा सुंदर शब्द तयार आहे, कालिदासाच्या नाटकामुळे घरोघर पोचलेला. अज्ञानाकडून ज्ञानाकडे जाणं, ओळख पटणं. शाकुंतलात अंगठी सापडते आणि हरवलेलं माणूस ओळखू येतं. ईडिपसला ओळख पटते ती स्वतःची. विपर्यय आणि अभिज्ञान एकत्र घडतात ते सर्वांत उत्तम, असं अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, आणि तिथेही दाखला याच नाटकाचा देतो.

पण ओळख पटणं हा एका क्षणाचा मामला नसतो. ‘अभिज्ञान’ हा शब्द हाती आला की तो कुठे लांबतो, कुठे हुकतो तेही शोधता येतं. नाटकाच्या मध्यावर योकास्टा नवऱ्याची समजूत घालते. देववाण्या खोट्या असतात हे पटवायला ती आपल्या पहिल्या नवऱ्याची, लायसची गोष्ट सांगते. तो मुलाच्या हातून मरणार होता, पण मारलं त्याला परक्या लुटारूंनी, तीन रस्ते मिळतात त्या जागी. आणि मुलाला तर लायसने तीन दिवसांचं असतानाच घोटे जखडून डोंगरावर टाकून द्यायला लावलं होतं. या दोन गोष्टी एकापाठोपाठ येतात. ईडिपस दचकतो तो तीन रस्त्यांना. त्याने तिथे एका म्हाताऱ्याला मारलेलं आहे. त्याचं मन तिथेच अडकतं आणि पुढचे घोटे त्याच्या कानांवरून जातात. घोट्यांवर लहानपणापासून वण बाळगणारा हा माणूस! ज्याच्या नावातच सुजलेला पाय आहे, ग्रीकमध्ये ‘ओयदी’ म्हणजे सुजणं आणि ‘पौस’ म्हणजे पाय. शिवाय ‘ओयदा’ म्हणजे मी जाणतो. स्फिंक्सचं कोडंही पायांचंच होतं, सकाळी चार, दुपारी दोन, संध्याकाळी तीन, आणि ते यानेच सोडवलेलं.

ही जागा कळली की नाट्यगत उपरोध वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पात्राला जे ठाऊक नाही ते प्रेक्षकाला ठाऊक आहे, आणि त्यामुळे पात्राच्या एकाच वाक्याला दोन अर्थ येतात. लायसच्या खुन्याचा शोध मी माझ्याच बापासाठी लढावं तसा घेईन, अशी प्रतिज्ञा ईडिपस करतो. त्याच्या दृष्टीने ती उपमा आहे, आपल्याला तिथे थंड घाम फुटतो. ही संज्ञा अ‍ॅरिस्टॉटलची नव्हे. सोफोक्लीसच्या उपरोधाची चर्चा इंग्रजीत रुळली ती कॉनप थर्लवॉल यांच्या १८३३ च्या निबंधापासून.

हामार्टियाविषयी मला सर्वांत कळकळीने सांगायचं आहे, कारण सर्वांत जास्त अन्याय या शब्दावर झाला. विद्यार्थी सर्रास लिहितात की नायकात एक दोष असतो, ईडिपसचा दोष गर्व किंवा संताप, आणि त्याची शिक्षा त्याला मिळते. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ आहे नेम चुकणं. भाला फेकला, लक्ष्य हुकलं. पुढे बायबलच्या नव्या करारात हाच शब्द पापासाठी आला आणि शतकानुशतकांच्या वाचनात नाटकालाही पापाचा रंग चढला. ऑक्सफर्डचे ई. आर. डॉड्स यांनी १९६६ साली एक निबंध लिहिला तो विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत आढळलेल्या याच गैरसमजांवर. ईडिपस नाटकभर काय करतो ते नुसतं पाहा. लोक साथीवर उपाय मागायच्या आधीच त्याने मेहुण्याला देववाणी विचारायला डेल्फीला धाडलेलं आहे. सत्य लपवायचे सल्ले तो तीनदा मिळूनही धुडकावतो: अंध द्रष्टा टायरेसियसचा, योकास्टाचा, मेंढपाळाचा. त्याला राग येतो, खराच. पण शांत डोक्याच्या ईडिपसचेही आईबाप तेच राहिले असते. मराठीत मी ‘प्रमाद’ म्हणतो. त्यात नकळत घडलेलं चुकणं येतं आणि चारित्र्यावर शिक्का बसत नाही. ‘दोष’ हा शब्द या जागी कटाक्षाने टाळा.

कॅथार्सिसवर ग्रंथ लिहिले गेले आहेत, आणि ते सारे व्याख्येतल्या एका शब्दावर. करुणा आणि भय यांच्या द्वारे तशाच भावनांचं कॅथार्सिस, एवढं म्हणून अ‍ॅरिस्टॉटल पुढे जातो, त्याचा अर्थ उलगडून सांगत नाही. मराठीत रुळलेला विरेचन हा शब्द आयुर्वेदातून, पंचकर्मांतून आला. याकोब बेर्नाइस यांनी १८५७ मध्ये मांडलेला वैद्यकीय अर्थ त्याच्याशी चांगला जुळतो, आणि अ‍ॅरिस्टॉटलचे वडील वैद्य होते हेही सोयीचं ठरतं. दुसरे म्हणतात शुद्धी, तिसरे म्हणतात उलगडा. माझा कल तिसऱ्याकडे आहे. मेंढपाळाचं उत्तर ऐकल्यावर माझ्या मनातून करुणा बाहेर फेकली जात नाही. कशाची करुणा करायची, ते अधिक लख्ख होतं.

तीन ऐक्यांवर फार वेळ घालवू नका. अ‍ॅरिस्टॉटलचा आग्रह फक्त कृतीच्या ऐक्याचा आहे. सूर्याच्या एका फेरीत नाटक आवरतं ही त्याची नोंद, नियम नव्हे. स्थळाचा नियम तर त्याने सांगितलेलाच नाही. हे सगळं नियमांत बसवलं सोळाव्या शतकातल्या इटालियन भाष्यकारांनी, विशेषतः कास्टेलव्हेट्रोने, १५७० मध्ये.

मराठी वाचक या प्रांतात नवखा मुळीच नाही. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी ‘ऑथेल्लो’ १८६७ मध्ये मराठीत आणलं. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं भाषांतर केलं तेव्हा त्याला ‘विकारविलसित’ हे नाव दिलं, आणि त्या एका शब्दात नाटकाचं वाचनच मांडून ठेवलं. विंदा करंदीकरांनी अ‍ॅरिस्टॉटलचं काव्यशास्त्र मराठीत उभं केलं, पुढे ‘राजा लिअर’ही. पु. ल. देशपांड्यांनी १९७९ मध्ये आपलं नाटक आणताना नाव ठेवलं ‘राजा ओयदिपौस’. इंग्रजी वळणाच्या ईडिपसची सवय असलेल्या कानाला ते आधी खटकतं, पण त्या उच्चारात सुजलेला पाय ऐकू येतो. मी इथे ईडिपस हेच रूप ठेवलं ते केवळ तुमच्या इतर पुस्तकांशी मेळ राहावा म्हणून.

‘राजा’ या शब्दापाशीही अडखळायला हरकत नाही. ग्रीक शीर्षकात ‘टिरॅनॉस’ आहे, म्हणजे वारसाहक्काने न येता सत्तेवर आलेला. थीब्जचे लोक ईडिपसला तसाच समजतात, बाहेरून आलेला आणि कर्तबगारीने राजा झालेला. तो जन्माने तिथला वारस आहे हे कळतं, त्याच घटकेला त्याचं राज्य जातं.

आता हे पुस्तक मिटा आणि नाटक उघडा. जमलं तर एका बैठकीत, मोठ्याने, दोघा-तिघांनी मिळून वाचा. जेमतेम दीड हजार ओळी आहेत. अडलेल्या जागी पेन्सिलीची खूण करा आणि मगच इकडे परत या, त्या खुणांच्या क्रमाने, संज्ञांच्या वर्णक्रमाने नव्हे. सुरुवात होते ती राजवाड्यासमोर. हातांत डहाळ्या घेऊन म्हातारा पुजारी आणि मुलं पायऱ्यांवर बसली आहेत, गावातून रडण्याचे आवाज येताहेत. दार उघडतं आणि ईडिपस बाहेर येतो. तो चालत पुढे येईल तेव्हा त्याच्या पायांकडे लक्ष असू द्या.